कुंदाच्या पत्रिकेतला मंगळ

हे मी आजवर कोणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवासमोर हात जोडते ना, तेव्हासुद्धा घाईघाईत जोडते, म्हणजे हे मनात यायच्या आत उठता येतं. आता तुम्हाला सांगतेय — सांगीन ना मी पूर्ण? मधेच दुसरंच काही बोलायला लागले तर समजा की घाबरले. मी घाबरटच आहे. नववीत गणिताच्या पेपराला घाबरून वर्गातनं उठून आले आणि मग शाळेतच गेले नाही परत, तशातली मी.

कुठून सुरू करू? कुंदापासून करते.

कुंदा माझी नणंद. यांची धाकटी बहीण. लग्न होऊन मी डोंबिवलीला चाळीतल्या दोन खोल्यांत आले तेव्हा घरात सासूबाई, हे आणि कुंदा, एवढीच माणसं. सासरे आधीच गेलेले. पहिल्या दिवशी मी भाकरीचं पीठ मळत रडत होते, कोणाला दिसू नये म्हणून तोंड खाली घालून, आणि ही मोरीच्या कट्ट्यावर बसलेली. म्हणाली, "वहिनी, बास कर आता, पीठ सैल होतंय." मला हसूच आलं. रडता रडता हसले मी. अशी ती. कोणाची पण नक्कल करायची — दूधवाल्याची, शेजारच्या काकूंची, माझी तर रोज. मी कशी दचकते, कशी पदर तोंडात घालते.

मग मिनू झाली. आणि मिनू सहा-सात महिन्यांची असेल नसेल, यांच्या एमआयडीसीतल्या कंपनीला टाळं लागलं. हे सकाळी उठून गेटवर जाऊन बसायचे बाकीच्यांबरोबर, कधी भिवंडीला माल चढवायचं काम मिळालं तर तिकडे. घर कसं चालणार? मला काय येत होतं? टायपिंग येत होतं. माझ्या मामाचा कल्याणला मराठी टायपिंगचा क्लास, शाळा सोडल्यावर मला तिथंच बसवलेलं, नुसती बसून बसून माझा हात पळायला लागला. तेवढ्यावर मला ठाण्याला नौपाड्यात एका डीटीपीच्या दुकानात घेतलं.

सरांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, माझं टायपिंग बघितलं, मान हलवली, आणि एकच विचारलं. घरी मूल कोण बघतं? याआधीच्या दोघी मुलांच्या आजारपणापायी सोडून गेल्या, मला परत तो ताप नको. मी म्हणाले, नणंद बघते. तिचं लग्न झालंय? नाही, म्हणाले मी. "मग ठीक."

ते ‘मग ठीक’ माझ्या डोक्यात असं रुतून बसलं म्हणून सांगू.

सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या मिनूच्या मागे धावू शकत नव्हत्या. मिनूला सगळं कुंदाच करायची. न्हाऊ-माखू घालणं, भरवणं, झोपवणं. सकाळी मी निघाले की मिनू रडायची, आणि कुंदा तिला कडेवर घेऊन माझी चालायची नक्कल करून दाखवायची, की ती रडायची थांबायची. माझा डबा पण तीच भरायची. मी नुसती पर्स उचलून पळायची.

आता कामाचं थोडं सांगावं लागेल. त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही मी काय केलं ते. की मी उगाच लांबवतेय? असेल. सांगते.

आमच्याकडे लोक फ्लॉपी घेऊन यायचे. लग्नपत्रिका, मंडळाचं पत्रक, डॉक्टरांची लेटरहेडं. तेव्हा मराठीची मोठी पंचाईत असायची — एका मशीनवर टाईप केलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसते किडे-मुंग्या. कारण तो फॉन्ट तिथं नसायचा. म्हणून ती पीडीएफ फाईल करायची. त्यात फॉन्ट फाईलीच्या आतच बसतो, कुठंही उघडा, जसंच्या तसं दिसतं. पण सगळा फॉन्ट नाही बसत. पानावर जेवढी अक्षरं लागली तेवढीच आत. पानावर कुठं ‘झ’ नसला तर त्या फाईलीत ‘झ’ नाहीच. मग गिऱ्हाईक यायचं, बाई एवढं नाव बदलून द्या हो, उद्या छापायचंय — आणि तो फॉन्ट आमच्या मशीनवर नसायचा. मग काय करायचं? एक बाण होता, त्यानं पानावरची कुठली पण वस्तू धरता यायची. गणपतीचं चित्र म्हणा, रेघ म्हणा, अक्षर म्हणा. धरायची आणि उचलून दुसरीकडे ठेवायची, नाहीतर तिची नक्कल काढायची. मराठी अक्षर तर त्यात तुकड्यातुकड्यांत असतं, काना वेगळा, मात्रा वेगळी. मी पानावरचेच तुकडे इकडून तिकडून गोळा करून नाव जुळवून द्यायची. कोणाला जोड दिसायचा नाही. सर सोडले तर दुकानात ते मलाच जमायचं. सर गिऱ्हाईकाला सांगायचे, आमच्या मॅडम करून देतील. मला मॅडम. फिरती खुर्ची होती मला, वरती पंखा.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक ज्योतिषी गुरुजी बसायचे. त्यांनी नवीनच कम्प्युटर घेतलेला, पत्रिका त्यावर काढायचे. पण त्यांचा प्रिंटर तो करकर वाजणारा, ठिपक्याठिपक्यांचा. म्हणून ते पीडीएफ करून फ्लॉपी खाली पाठवायचे, आणि मी आमच्या लेझरवर पिवळ्या जाड कागदावर छापून द्यायची. इतक्या छापल्या की मला न शिकवता कळायला लागलं. चौकोन असतो, त्यात तिरप्या रेघा, त्याची बारा घरं. खाली डाव्या कोपऱ्यातलं सहावं. त्याच्या शेजारी मधोमध सातवं. ग्रहांची नुसती पहिली अक्षरं — र, चं, मं. न्यायला येणाऱ्या बायका काऊंटरवरच बोलायच्या. सातव्यात मंगळ आहे हो, आता कोण करणार हिला. मी ऐकायची.

कुंदाला स्थळ आलं ते कल्याणचं. मुलाचं नाव अनिल, औषधांच्या गोदामात कामाला, आई विधवा, हा एकुलता. पहिल्यांदा बघायला आला तेव्हा त्यानं चहा बशीत ओतला आणि असा फुर्र करून प्यायला की त्याच्या आईनं त्याला कोपर मारलं. ते गेल्यावर कुंदानं ती नक्कल केली — बशी धरायची, डोळे मिटायचे, फुर्र — सासूबाईंना पण हसू आवरेना. रोज करायची. मिनूला शिकवली. मला तेव्हाच कळलं की हिला तो आवडलाय. दुसऱ्यांदा आला तर दोघं गॅलरीत उभी राहून बोलत होती, आणि कुंदा आत आली तेव्हा तिचे कान लाल झालेले.

त्याच्या आईनं पत्रिका मागितली. कुंदाची पत्रिकाच नव्हती. गावी जन्मलेली, माणगावकडे, मुलीची कोण काढतो तिथं? सासूबाईंना एवढंच आठवत होतं की गुरं घरी यायच्या वेळेला झाली. त्या मला म्हणाल्या, तुझ्या दुकानावर गुरुजी आहेत ना, त्यांच्याकडून घे की काढून. तूच छापून आण. चांगल्या कागदावर.

मी गुरुजींना सगळं लिहून दिलं. आणि सरांकडे सुट्टी मागितली, सुपारीच्या बोलण्यासाठी. सरांनी विचारलं, नणंदेचं ठरतंय का? मग तुमच्या मुलीचं काय? मी म्हणाले, बघू काहीतरी सर. त्यांनी काही आवाज चढवला नाही हो. ते तसे वाईट नव्हते. फक्त म्हणाले, एक बोर्ड टाईप करून ठेवा, ‘डीटीपी ऑपरेटर पाहिजे’. नुसता तयार ठेवा. लागला तर लावू.

तो बोर्ड मी माझ्या हातानं टाईप केला. मोठ्या अक्षरात. मधोमध आणून.

दुपारी नौपाड्यात दुकानं बंद असतात. सर घरी जेवून झोपायचे, मी शटर अर्धं ओढून आत. त्या दिवशी गुरुजींची फ्लॉपी आलेली. उघडली. वर गणपती, खाली कुंदाचं पूर्ण नाव, मग तो चौकोन. मंगळ सहाव्यात. खाली ओळ — मंगळदोष नाही. मला बरं वाटलं. खरंच सांगते, आधी मला बरंच वाटलं, चला, काही अडचण नाही पोरीला. मी डबा उघडला. मटकी दिलेली तिनं. दोन घास खाल्ले. आणि बाजूला तो बोर्ड होता, छापून ठेवलेला.

मी डबा बंद केला. हात पुसले. बाण ‘मं’वर नेला.

एवढुसं अक्षर. धरलं आणि शेजारच्या घरात नेऊन ठेवलं. एवढंच वाटतं ना तुम्हाला? तिथंच थांबले असते तरी कदाचित कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण मी नीट काम करणारी. खालच्या ओळीतला ‘ना’ काढून टाकला. नक्षत्र अश्विनी लिहिलेलं, त्यातला ‘अ’ घेतला, तिच्या नावातला काना घेतला, ‘आ’ केला. ‘ही’ची वेलांटी काढली, तिथं दुसरीकडची मात्रा ठेवली. मंगळदोष आहे. सगळी अक्षरं त्याच पानावरची, फॉन्ट तोच, शाई तीच, एक केसभर पण सरकलेलं दिसेना. मागच्या पानावर ग्रहांचे अंश होते, मोठं कोष्टक, ते काही मला बदलता येईना. म्हणून ते पान मी छापलंच नाही. मशीननं विचारलं, सेव्ह करू का? हो म्हटलं.

हे मी केलं. मी. कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मिनूसाठी केलं असं तुम्हाला वाटत असेल तर — मी पण स्वतःला पुष्कळ दिवस तेच सांगत होते. मूल लहान, नवरा घरी, काय करणार बाई. पण तसं नाही. मिनूला शेजारच्या काकूंनी बघितलं असतं, त्या दोनदा बोलल्या होत्या. चाळीत दोन घरं सोडून दुसऱ्या एक बाई मुलं सांभाळायच्याच. निघालं असतं काहीतरी. पण सरांना ‘नणंद’ हवी होती, आणि मला ती खुर्ची हवी होती. मॅडम म्हटलेलं हवं होतं. नववी नापास सुद्धा नाही मी, नववीतनं पळालेली. ते सगळं जाणार म्हणून मी तिचा मंगळ हलवला.

कागद घरी आणला. सासूबाईंनी चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं, देवापुढे ठेवला, नमस्कार केला. मी बाजूला उभी होते, मिनूला घेऊन. मग यांनी हातात घेऊन वाचला. शेवटच्या ओळीशी थांबले. परत वाचला. सासूबाई म्हणाल्या, काय रे? कुंदा नळावरनं हंडा घेऊन आली, सगळ्यांकडे बघितलं, म्हणाली, काय झालं, कोण गेलं? मग यांनी सांगितलं. ती हंडा खाली ठेवत म्हणाली, "मंगळ होय. म्हणूनच माझं डोकं सारखं तापतं." कोणी हसलं नाही. ती पण नाही.

लपवायचं तर नव्हतंच, सासूबाई तशा नव्हत्या. पत्रिका कल्याणला गेली आणि निरोप आला. मुलगा आमचा एकुलता आहे हो. एवढंच. भांडण नाही, काही नाही. त्या दिवसापासून कुंदानं ती चहाची नक्कल केली नाही. मिनू करून दाखवायची, फुर्र — तर ही दुसरीकडे बघायची.

मी काय ठरवलेलं माहिती आहे? पुढचं स्थळ येईल तेव्हा नीट पत्रिका आणू. मिनू तोवर जरा मोठी होईल. सांगू की आधीची चुकली होती. सोपं होतं की! गुरुजींच्या मशीनवर खरी होती. एक जिना चढायचा होता मला. फक्त एक जिना, आमच्या दुकानाच्या बाजूनंच जायचा तो. रोज त्याच्यापुढून जायची मी. पण मग गुरुजी विचारणार, पहिली कुठं गेली? दाखव बघू. आणि सर ऐकणार. आणि मी शटरकडे वळायची. स्थळं आली. त्याच कागदाच्या झेरॉक्स काढून काढून सगळीकडे गेल्या. खोपटला गेली, बदलापूरला गेली. सगळ्या परत. कुंदाच मग पाहुण्यांना आधी सांगायला लागली, मी मंगळी आहे हं, नंतर म्हणू नका. हसत सांगायची.

मग कोणीतरी सासूबाईंच्या डोक्यात घातलं की कुंभविवाह करा. म्हणजे मुलीचं लग्न आधी माठाशी लावायचं, सगळा दोष माठावर जातो, मग माठ पाण्यात सोडायचा. आम्ही कल्याणला एका म्हाताऱ्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून कागद बघितला, उलटा केला, परत सुलटा केला. दुसरं पान कुठंय, म्हणाले. अंशांचं पान असतं. ते बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. नसेल तर जन्मवेळ सांगा, मी आत्ता मांडतो, किती वेळ लागतोय त्याला.

सासूबाई सांगायला तोंड उघडत होत्या. कुंदा बसलेली खाली मान घालून, बोटानं चटईचा धागा उकलत.

मी म्हणाले, "गुरुजी, कम्प्युटरनं काढलीय. त्यात चूक होत नाही."

सासूबाई लगेच म्हणाल्या, सून आमची कम्प्युटरवरच असते. अशा कौतुकानं म्हणाल्या हो. आणि त्या म्हाताऱ्या माणसानं माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि घडी घालून बाजूला ठेवला. बरं, म्हणाले.

दुकानात केलं ते हातानं केलं, एकटीनं, कोणी बघत नव्हतं. हे मी सगळ्यांसमोर तोंडानं केलं. कुठलं मोठं म्हणू? मला नाही ठरवता येत. मला हेच जास्त आठवतं. तो चटईचा धागा आठवतो.

लग्न लावलं. देवळाच्या मागच्या ओवरीत, चार माणसं. कुंदाला पिवळी साडी, हिरवा चुडा. समोर पाटावर माठ, त्याला हळद-कुंकू, हार, खांद्यावर उपरणं टाकावं तसं फडकं. माझ्या हातात अक्षतांचं ताट. कुंदा माठाकडे बघून माझ्या कानाशी म्हणाली, "हा नवरा बरा वहिनी. चहा तरी फुरकत नाही." आणि मग तिचं तोंड असं वाकडं झालं. मी पदर तोंडात घातला. सगळ्यांना वाटलं, वहिनीचा किती जीव आहे.

नंतर खाडीवर गेलो माठ सोडायला. सोडला तर बुडेना. गुरुजींनी सांगितलेलं की गेला पाण्यात की मागे वळून बघायचं नाही, पण तो गेला तर पाहिजे ना. तसाच तरंगत राहिला, फिरत राहिला स्वतःभोवती, हार पाण्यावर पसरलेला. बरोबर आलेल्या मावशी पुटपुटल्या, घेत नाही, पाणी घेत नाही. तिथं एक म्हातारा होडीवाला जाळं सोडवत बसलेला, तो म्हणाला, "बुरल गो बाय, पानी भरू दे त्यान." आणि त्यानं वल्ह्यानं माठ ढकलला, तेव्हा तो कलंडला. पण कुंदानं बघितलेलं. ढकलायला लागला ते तिनं बघितलं.

इथं थांबले असते तर — पण अजून आहे. सगळ्यात शेवटचं अजून आहे.

मिनू बालवाडीत जायला लागली तेव्हाची गोष्ट. एका रविवारी दुपारी दारात अनिल. एकटा. आधी कोणी ओळखलंच नाही, बारीक झालेला. आत आला, यांच्यासमोर बसला, आणि सरळ बोलला. मधे त्याच्या आईनं तीन-चार मुली दाखवल्या, त्यानं नाही म्हटलं. आईला आता कळून चुकलंय. त्याचा पत्रिकेवर विश्वास नाही, आधीही नव्हता, तेव्हा आईपुढे बोलायची हिंमत नव्हती, आता बोललोय. कुंदाची हरकत नसेल तर रजिस्टर लग्न करू. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. हे म्हणाले, तिला विचारा, ती म्हणेल तसं.

कुंदा चहा घेऊन आली. त्यानं कपानंच प्यायला, जराही आवाज न करता. इतका सांभाळून प्यायला. ते बघितलं आणि ती आतल्या खोलीत गेली. मी मागे गेले. मिनू तिच्या पायाला मिठी मारून उभी.

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला तो हवाय गं वहिनी. म्हणून तर नाही म्हणते. उद्या त्याला काही झालं तर? त्याच्या आईला तो एकच आहे."

मी म्हणाले, माठाशी लावलं ना आपण, दोष गेला की. एवढं म्हणाले मी. ती म्हणाली, "गेला नाही. तू होतीस ना तिथं. तो बुडत नव्हता."

मी तिथं होते. मी सगळीकडे होते. खोलीत आम्ही दोघीच, आणि मिनू. एक वाक्य होतं. कुंदा, तुला मंगळ नाही, मी हलवला. एवढंच. ते माझ्या जिभेवर आलेलं, खरंच आलेलं, मी तोंड उघडलं पण. आणि मला दिसलं की ती माझ्याकडे कशी बघेल. बस्. त्यापुढे मला जाता आलं नाही. मी म्हणाले, "तुला बरं वाटेल ते कर."

तिनं बाहेर जाऊन त्याला नाही सांगितलं. नीट सांगितलं, रडली नाही. तो चपला घालत होता तेव्हा मी दारापर्यंत गेले, आणि तो हळूच मला म्हणाला, वहिनी, तुम्ही कम्प्युटरवर काम करता, शिकलेल्या आहात, तुम्हीच समजवा ना तिला. तुम्हाला तरी पटतं का हे? मी म्हणाले, तिची मर्जी नाही तर मी काय बोलणार भाऊ. तो जिना उतरून गेला. पुढे त्याचं लग्न झालं असं स्थळ आणणाऱ्या मध्यस्थांकडून कळलं. त्याला काहीसुद्धा झालेलं नाही. धडधाकट आहे.

आता कधी कधी मला मंगळाचीच भीती वाटते. मी हात लावला म्हणून. मिनूला ताप आला की वाटतं, आलं, माझ्यावर आलं. सासूबाई म्हणतात, मिनूची पत्रिका काढून आण. मी म्हणते, आणू हो, घाई काय आहे. पण ही भीती पत्रिकेची. दुसरी आहे ती रोजची, कुंदाला कळेल याची.

यांना दुसरीकडे काम लागून वर्ष होत आलं. मिनू पहिलीत गेली, शाळेतनं स्वतःची स्वतः येते, शेजारच्या मुलींबरोबर. तिला आता बघायला कोणी लागत नाही. सरांनी तर परवा मला सांगितलं की मुलींना टायपिंग शिकवायचा क्लास काढतोय, तो तुम्हीच घ्या, मॅडम, तुम्ही काय सोडून जाणार नाही. कुंदाचं उद्या लग्न झालं तर माझं काहीसुद्धा अडणार नाही. ज्याच्यासाठी केलं ते कारण सुद्धा उरलेलं नाही. गुरुजी अजून वरच बसतात. जिना तिथंच आहे. आणि मी बोललेले नाही. आज नाही, काल नाही. उद्या बोलेन असं तुम्हाला सांगायचं म्हणजे अजून एक खोटं होईल.

ती मोरीत भांडी घासतेय आत्ता. हाक मारते, वहिनी गं, पाणी जाईल, घागर आण. मी ओ देते.